सातवं नाव

दगूअण्णांचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. याआधी तीनदा लिहायला बसलो, तिन्ही वेळा झाली गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि माझ्या चुकीपाशी येऊन हात थांबला. कागद तसाच राहिला. त्यात अण्णांचं नाव यायचंच राहून गेलं. म्हणून या खेपेला पहिल्या ओळीत तेच.

दगूअण्णा म्हणजे नाशिकजवळच्या मखमलाबादचे. झेंडू-शेवंतीचा मळा, डोक्याला मफलर, उजव्या हाताची बोटं बारा महिने पिवळी. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर गावातल्या मुलींना खो-खो शिकवायचे. आज मी घरापासून इतक्या लांब, सिलिगुडीच्या फळबाजारात ज्या नोकरीवर उभा आहे, ती त्यांच्या शब्दावर मिळाली. पण तो उपकार लहान. मोठा उपकार दोन शब्दांचा आहे. ते शब्द खरं तर माझे होते. माझ्या तोंडून निघाले नाहीत, म्हणून त्यांनी बोलून टाकले.

इकडे थंडी उतरायला लागली की पिंपळगावहून द्राक्षाचे ट्रक यायला लागतात. मालाची तपासणी माझ्याकडे. खोकं उघडलं की आधी येतो तो किंचित आंबूस वास, आणि त्या वासाखाली ओलसर वर्तमानपत्राचा. खोक्यांच्या तळाला आपल्याकडची मराठी वर्तमानपत्रं अंथरलेली असतात. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. शाळेत असताना वाचायचा कंटाळा होता. इथं मात्र घड उचलून बाजूला ठेवतो आणि खालचा कागद वाचतो. कुणाच्या दहाव्याची बातमी, कुठल्याशा पतपेढीची जाहिरात, कांद्याचे भाव. इथले हमाल हसतात. हसू देत.

या वर्षी एका खोक्याच्या तळाला खेळाचं पान निघालं. मुलींच्या खो-खो स्पर्धेचा निकाल. द्राक्षाचा रस लागून अर्धा मजकूर विरघळला होता. कोण जिंकलं ते वाचता आलं, हरलेल्या संघाचं नाव गेलेलं. मी तो तुकडा खिडकीत वाळत घातला. वाळल्यावरही ते नाव काही उमटलं नाही. दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं.

तो हंगाम आठवला, की पहिल्यांदा थंडी आठवते. नाशिकची पौषातली थंडी. गोदावरीकडून, म्हणजे आमच्या गंगेकडून, येणारं धुकं मळ्यावर इतकं खाली बसायचं, की फुलं तोडणाऱ्या बायका कमरेपर्यंतच दिसायच्या. मग ऊन वर यायचं आणि शाळेच्या मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा दिसायला लागायच्या. दोन टोकांना दोन खांब, मधे आठ चौकोन. आदल्या संध्याकाळी अण्णा फुलांना पाणी मारायच्या नळीनं मैदान भिजवून घ्यायचे. सकाळी त्या मातीला एक वास असायचा. मुली अनवाणी पळायला लागल्या की पावलांचा दबका आवाज, शिट्टी, आणि पाठीवर थाप पडताच येणारा तो तुटका शब्द. खो. संक्रांतीच्या आगेमागे दर रविवारी वेगळ्या गावाला सामने. आम्ही पाठीराखे सोपानच्या फुलांच्या टेम्पोत बसून जायचो. पाकळ्या आमच्या कपड्यांना चिकटून यायच्या.

नंदा माझी धाकटी बहीण. तेव्हा सतरा वर्षांची, अकरावीत. वडील नव्हते. आई अण्णांच्या मळ्यातल्या फुलांचे हार करायची, मी पहाटे सायकलवरून ते बाजारात पोचवायचो. नंदाचे गुडघे कायम फुटलेले, त्यांवर हळद. आई म्हणायची, "मुलीचे गुडघे हायेत का उखळ?" पण सामन्याच्या दिवशी तीच हळद कालवून द्यायची.

त्या वर्षी दिवाळीतच आईनं एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकली होती. मनमाडचं स्थळ आलं होतं, मुलगा रेल्वेत. आई म्हणाली, "जिल्ह्याच्या संघात हिची निवड झाली, तर दोन वर्षं मी लग्नाचं नाव काढणार नाय. शिकू दे, खेळू दे. नाय झाली, तर चैत्रात होकार कळवायचा." दुसऱ्या दिवसापासून नंदा पहाटे उठून मळ्याच्या बांधावर पळायला लागली.

म्हणजे सगळं त्या एका हंगामावर आलं होतं. आणि तो हंगाम अण्णांच्या हातात होता.

खो-खो माहीत असणाऱ्याला सांगायला नको, तरी सांगतो. पळण्याचा डाव आला की नऊ मुली तिघी-तिघींनी मैदानात उतरतात. पहिल्या तिघी बाद झाल्या की दुसऱ्या तिघी, त्या गेल्या की तिसऱ्या. डाव नऊ मिनिटांचा. कोण कितव्या तुकडीत, हे ठरवणारा एकटा माणूस, शिकवणारा. डावाआधी त्यानं नावांची यादी पंचांच्या टेबलावर द्यायची. मग तो क्रम पक्का.

अण्णांच्या यादीत नंदाचं नाव सातवं. तिसऱ्या तुकडीतलं पहिलं. प्रत्येक सामन्याला, प्रत्येक डावाला.

आता यातली गंमत बघा. आमच्या पहिल्या दोन तुकड्या चांगल्या होत्या. लता, मंगल, सुरेखा, सगळ्या हुशार. त्या सहाजणींनी नऊ मिनिटं खाऊन टाकली की शिट्टी वाजायची आणि आम्ही जिंकायचो. नंदा हद्दीबाहेर उकिडवी बसलेली, हातात मातीचं ढेकूळ, उठून कपडे झटकायची. सामना झाला. ती पाठलागाला बसायची, नाही असं नाही. पण पाठलागात तिच्यासारख्या चार होत्या. तिची जात पळणारीची. आणि पळायला तिला मिळतच नव्हतं.

पाठीराखे गप्प बसणारे नव्हते. सोपान टेम्पोच्या टपावरून ओरडायचा, "अण्णा, नंदीला काय लोणच्यात घातली का? मुरू द्यायची म्हणून?"

दुसरा कुणी म्हणायचा, "तिसरी तुकडी घरून डबा घेऊन येती म्हणं. निवांत सामना बघायला."

"अहो, पहिली टाका तिला. पहिली. पोरगी हरणावाणी पळती आन तुम्ही बसवून ठेवताय."

अण्णा वळूनही बघायचे नाहीत. फार झालं तर म्हणायचे, "सोपान, तू टेम्पोकडं बघ. टायर बसलंय तुझं." सोपान खरंच उतरून टायर बघायचा आणि सगळे हसायचे. मी सोडून.

मला हसू यायचं नाही, कारण त्या कडेला उभं राहून मी जे मागत होतो ते कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. आमचा संघ चांगला पळाला, की माझी बहीण पळणार नाही. म्हणून मी आमच्याच मुली बाद होण्याची वाट बघायचो. लता आमच्या शेजारची. तिची आई ताक घुसळलं की तांब्याभर आमच्याकडे पाठवायची. ती लता खांबाला वळसा घालून निसटली, की सगळं मैदान टाळ्या वाजवायचं. मीही वाजवायचो. आणि मनात म्हणायचो, पड. पाय घसरू दे तुझा. दुसऱ्या दिवशी तिच्या घरचं ताक माझ्या घशाखाली उतरायचं नाही. आपल्याच संघाचं वाईट चिंतणारा पाठीराखा मी दुसरा पाहिला नाही. कुणी असलाच, तर त्याला मी दोष देणार नाही. फक्त त्याच्या शेजारी बसेन.

एकदा धीर करून अण्णांना विचारलं. पहाट होती, ते शेवंती तोडत होते. हात थांबले नाहीत.

"अण्णा, एकदा तरी तिला पहिलीत घ्या."

"नाय."

"का पण?"

"ती बसत नाय बाळू तिथं. ती बघती."

"बघून निवड होते का कुणाची?"

त्यांनी हातातलं फूल टोपलीत ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या आईनं काय सांगितलंय ते मला ठावं हाय," एवढंच म्हणाले आणि पुढच्या सरीत गेले. मला वाटलं, या माणसाला ठाऊक आहे आणि तरी हा ऐकत नाही. दगड आहे. फुलांत राहून दगड झालेला माणूस.

उपांत्य सामन्यात माझी ती वाईट इच्छा पुरी झाली. पहिल्या दोन्ही तुकड्या सात मिनिटांत संपल्या. नंदा उठली. पुढची दोन मिनिटं अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. ती फार वेगानं पळाली असं नाही. कुणाला चुकवायचं आणि कुणाच्या अंगावरून जायचं, हे जणू तिला आधीच सांगून ठेवलेलं होतं. एक उंच मुलगी खो द्यायला क्षणभर उशीर करायची. नंदा नेमकी तिच्याच बाजूनं निघायची, परत परत. शिट्टी वाजली तेव्हा ती खांबाला धरून हसत उभी होती. आम्ही जिंकलो. सोपाननं तिच्यावर टोपलीभर पाकळ्या उधळल्या.

पण निवड करणारे त्या दिवशी आले नव्हते. ते अंतिम सामन्याला येणार होते.

अंतिम सामना आमच्याच मैदानावर. निवड करणारे दोघं, एकाच्या गळ्यात मफलर, दुसऱ्याच्या काखेत फाइल. पहिल्या डावात आमच्या सहाजणींनीच नऊ मिनिटं काढली. नंदा बसून. दुसऱ्या डावातला पाठलाग संपला तेव्हा आम्ही सहा गुणांनी पुढे होतो आणि उरला होता फक्त आमचा पळण्याचा डाव. हिशोब साधा. आमच्या सहा बाद झाल्या तर बरोबरी, सातवी बाद झाली तर हार. सातवी म्हणजे कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी निवड करणाऱ्यांच्या जीपजवळून चाललो होतो. फाइलवाले म्हणाले, "पहिली तुकडी बघू आणि निघू. निफाडला पोचायचंय." मफलरवाल्यांनी मान हलवली. चालक जीप पुसत होता.



अण्णांना बारीक दिसायचं नाही आणि माझं अक्षर चांगलं, म्हणून यादी नेहमी मी लिहायचो. अण्णा मैदानाकडे तोंड करून, डोळे मिटून नावं सांगायचे. वहीच्या पानाला खाली मांडीचा आधार देऊन मी लिहायचो. त्या दिवशीही तसंच. अण्णा म्हणाले, "पयली लता." मी लिहिलं, नंदा. पुढची पाच नावं ते सांगतील तशी लिहिली. "सातवी नंदा." मी लिहिलं, लता. अक्षर नेहमीपेक्षाही सुंदर आलं होतं. जाऊन टेबलावर दिलं.

ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारलं गेलं. नंदा.

ती ढेकूळ टाकून उठली आणि अण्णांकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं त्याला मी आनंद म्हणेन, पण त्यात भीती होती. अण्णांनी झटकन टेबलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. डाव सुरू व्हायला अजून वेळ होता. ते उठले असते, टेबलापाशी जाऊन लिहिण्यात चूक झाली म्हणाले असते, तर क्रम बदलून मिळाला असता. पण मग कुणी लिहिलं, हा प्रश्न सगळ्या गावासमोर आला असता. ते अर्धे उठले होते. तसेच खाली बसले. नंदाकडे बघून त्यांनी मान हलवली. जा.

ती चाळीस-एक सेकंद टिकली असेल. वेग होता, दम होता. पण ती अंधारात पळावं तशी पळत होती. समोरच्यांनी या डावाला बसायच्या जागा बदलल्या होत्या; कोण कुठं बसलंय, कोण कुठल्या पायावर उठतं, तिला काहीच माहीत नव्हतं. तिसराच खो मिळाला आणि हात तिच्या खांद्याला लागला. सगळ्यांत आधी बाद झाली ती. फाइलवाल्यांनी काहीतरी लिहिलं, किंवा लिहिलं नाही. पहिली तुकडी संपली आणि जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

सुरेखाच्या तुकडीनं जिवाचं रान केलं. आठव्या मिनिटापर्यंत खेचलं. मग सहावी पडली. बरोबरी. आता एकच मिनिट काढायचं होतं. लता उठली. बसून बसून तिचे पाय गार झाले होते. तिला पहिली पळायची सवय, डोकं तापायच्या आत सुटायची सवय. एक मिनिट काढायला कुणी पाहिजे होतं ते मी जाणतो. नंदा हद्दीबाहेर, गुडघ्यांत डोकं घालून बसली होती.

शेवटच्या काही सेकंदांत लताला खांबाजवळ गाठलं. आम्ही एका गुणानं हरलो.

मग लोक आत आले. सगळा हंगाम जे ओरडत होते तेच.

"अण्णा, नंदीला पयली कुणी टाकतं का?"

"शेवटाला ठेवायची पोरगी ती. गेल्या रविवारी डोळ्यांनी बघितलं ना?"

सोपान तर रडवेला झाला होता. "तुमच्या मनात तरी काय होतं, अण्णा?"

मी चार हातांवर उभा होतो. तोंड उघडलं होतं. आवाज आला नाही. अण्णा टेबलापाशी गेले, यादीचा कागद मागून घेतला, डोळ्यांजवळ धरून पाहिला. बराच वेळ पाहिला. मग चार घड्या घालून बंडीच्या खिशात ठेवला.

"माझं चुकलं," म्हणाले.

पुढच्या हंगामाला गावच्या क्रीडा मंडळानं शिकवायला दुसरा माणूस आणला. अण्णा संध्याकाळचे मळ्यातच दिसायला लागले. नंदानं खेळ सोडला. चैत्रात मनमाडला होकार गेला. लग्नाचा मांडव अण्णांनी स्वतः फुलांनी सजवला, शिडीवर चढून, सबंध दिवस. माझे मेव्हणे सज्जन आहेत, इंजिनं दुरुस्त करतात, कुणाला वर तोंड करून बोलत नाहीत. नंदाचं वाईट झालं असं मला म्हणता येत नाही. तेवढं म्हणता आलं असतं, तर निदान माझ्या चुकीचं माप तरी कळलं असतं.

मला त्या गावात राहवेना. मैदानावरून सायकल नेता येईना, लांबून जायचो. का ते कुणी विचारलं नाही. अण्णांनीच पिंपळगावच्या एका द्राक्ष व्यापाऱ्याला सांगितलं आणि ही नोकरी निघाली. सोडायला स्टॅंडवर आले होते. केळीच्या पानात शेवंती बांधून दिली, आईनं दिलेल्या दशम्यांवर ठेव म्हणाले, वास राहील. गाडी हलताना खिडकीशी आले.

"अक्षर चांगलं हाय तुझं," म्हणाले. "तिकडं कागदाचं काम मिळंल."

एवढंच. आवाजात टोचणी नव्हती. ती असती, तर मी तिला धरून आजवर जगलो असतो.

ही इतकी वर्षं मी इथं कागदाचं काम करतो. खोक्यांच्या याद्या लिहितो. लिहून झाली की दोनदा, तीनदा पडताळतो. बरोबरचे लोक म्हणतात, फार घाबरट आहे हा माणूस. घाबरट आहेच.

आता सगळ्यांच्या हातात फोन आले आहेत. मागच्या आठवड्यात नंदाचा फोन आला. तिची मुलगी शाळेच्या संघात खेळते, हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, काही दुखलंखुपलं असेल.

"दादा, हिच्या बाईंनी हिला तिसऱ्या तुकडीत टाकलंय. घरी येऊन नुसती रडतीय."

"मग? बाईंना जाऊन भेट की."

"छे रे. मी हिला म्हटलं, बस तिथं गुमान. आणि बघत राहा. कोण दमलंय, कोण उशिरा उठतं, बघ. अण्णा मला तेच करायला लावायचे, मला कळतच नव्हतं. सहा-सात मिनिटं मी नुसते त्यांचे गुडघे बघायचे. मग आत गेलं, की सगळं पाठ असायचं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती म्हणाली, "शेवटच्या सामन्याला मात्र त्यांनी सगळी जोखीम माझ्यावर टाकली. इतका विश्वास टाकला दादा, आणि मी चाळीस सेकंदांत माती केली. अजून त्यांच्यासमोर मान वर करून उभी राहत नाही मी. मागच्या महिन्यात गावी गेले होते तेव्हा दिसले, काठी लागलीय आता. मी रस्ता बदलला."

मी हं म्हणालो. पुढं मला बोलायचं होतं. खरंच बोलायचं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "ठेवते, भात लागेल," आणि फोन बंद झाला.

तेव्हापासून नीट झोप नाही. ओझं मी एकट्या अण्णांनाच दिलं, असं मी समजत होतो. नंदालाही दिलं होतं. तिनं ते इतकी वर्षं आपलंच म्हणून वाहिलं. ती अण्णांना चुकवते. गाव अण्णांना चुकलेला समजतं. आणि ज्याचं चुकलं, तो द्राक्षाच्या खोक्यातला मराठी कागद वाचत इथं बसला आहे.

अण्णा, हे तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवील. तुम्हाला दिसत नाही, ठाऊक आहे मला. हे ट्रक संपले की मी येतो. याआधीही असं ठरवलं होतं, आणि ट्रक संपले तरी आलो नव्हतो, तेही ठाऊक आहे. तुमच्या काठीचं ऐकल्यापासून मला दिवस पुरतील की नाही याचीच धास्ती लागली आहे. तेवढं थांबा. मी आधी मनमाडला उतरेन, नंदाला बरोबर घेईन. सोपानला हाक मारेन, लताच्या आईला बोलावेन. त्या मैदानावर, जिथं टेबल मांडलं होतं तिथं उभा राहीन. तो चार घड्यांचा कागद तुमच्याकडे अजून असेल तर काढून ठेवा. नसला तरी चालेल, मला तो पाठ आहे. सगळ्यांसमोर वाचून दाखवेन, पहिल्या नावापासून सातव्यापर्यंत. आणि मग तुम्ही माझ्यासाठी बोललात ते दोन शब्द, एवढी वर्षं तुमच्या नावावर पडून राहिलेले, मी माझ्या तोंडानं बोलून तुमच्याकडून परत घेईन.